तारे, दीर्घिका आणि त्यांना टिपणारी उपकरणं: खगोलशास्त्रज्ञाच्या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खगोलशास्त्रात शिरू पाहणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि आकाशाचं नुसतंच वेड असलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझं काम वर्णपटांवर चालतं: ताऱ्यांचा नि दीर्घिकांचा (गॅलेक्सींचा) प्रकाश रंगारंगांत फोडून वाचायचा आणि तो फोडणारी यंत्रं बनवायला हातभार लावायचा. त्यामुळे उत्तरांचा ओढा यंत्रांकडे आहे आणि तो मुद्दाम तसा ठेवला आहे. शोधांबद्दल भरपूर लिहिलं जातं. ते शोध ज्या भिंगांमधून, तारांमधून आणि निर्वात टाक्यांमधून आले, त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

खगोलशास्त्रज्ञ रोज नेमकं काय करतो?

बहुतेक दिवस संगणकासमोर जातात. दुर्बिणीतून आलेला डेटा कच्चा असतो. त्यात डिटेक्टरचे, म्हणजे प्रकाश नोंदवणाऱ्या भागाचे, दोष असतात, आकाशाचा स्वतःचा उजेड असतो, वैश्विक किरणांनी उमटवलेले ठिपके असतात. हे सगळं एकेक करून वजा केल्यावर हाती उरतो तो ताऱ्याचा प्रकाश. मग मोजमाप, प्रारूपांशी तुलना, सहकाऱ्यांशी वाद, शोधनिबंधाचा मसुदा, दुर्बिणीवर वेळ मागणारे अर्ज. शिकवणं असेल तर तेही.

उपकरणांवर काम करणाऱ्यांचा दिवस थोडा वेगळा असतो. प्रयोगशाळेत भिंगं जुळवणं, निर्वात पंप चालू करून गळती शोधणं, डिटेक्टर थंड करून त्याचा गोंगाट मोजणं, कंट्रोल सॉफ्टवेअर का अडकलं ते बघणं. प्रत्यक्ष दुर्बिणीवर घालवलेल्या रात्री वर्षाकाठी मोजक्याच.

दुर्बिणीला डोळा लावून बघता का?

कामासाठी नाही. मोठ्या दुर्बिणींना डोळा लावायची जागाच नसते. डोळा प्रकाश साठवू शकत नाही. डिटेक्टर तासभर साठवत राहतो.

दुर्बीण आणि उपकरण यांत फरक काय? दोन्ही एकच ना?

एकच नाहीत, आणि हा फरक समजला की या क्षेत्रातलं अर्धं कामकाज समजतं. दुर्बीण म्हणजे प्रकाश गोळा करून एका जागी आणणारा आरसा आणि त्याला आकाशाबरोबर फिरवणारा सांगाडा. त्या गोळा झालेल्या प्रकाशाचं पुढे काय करायचं हे उपकरण ठरवतं. कॅमेरा त्याचं चित्र घेतो. स्पेक्ट्रोग्राफ त्याला रंगांत फोडतो. पोलरिमीटर प्रकाशलहरी कोणत्या दिशेने कंप पावतात हे मोजतो.

आरसा अनेक दशकं टिकतो, उपकरणं बदलत राहतात. अमेरिकेतल्या किट पीक डोंगरावरची ४ मीटरची मेयॉल दुर्बीण १९७३ मध्ये सुरू झाली. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांनी तिच्यावर दीर्घिकांचे वर्णपट घेतले, तेव्हा एका वेळी एकच दीर्घिका साधायची. आज त्याच दुर्बिणीवर डेसी नावाचा स्पेक्ट्रोग्राफ आहे. त्यात ५,००० प्रकाशतंतू आहेत आणि प्रत्येकाचं टोक एक छोटा रोबो हलवून नेमक्या दीर्घिकेवर ठेवतो. एका दमात ५,००० वर्णपट. आरसा तेवढाच, आकाश तेच; बदललं ते आरशामागचं यंत्र.

म्हणून 'सगळ्यात मोठी दुर्बीण कोणती?' या प्रश्नापेक्षा 'तिच्यावर काय बसवलंय?' हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

नुसत्या प्रकाशावरून तारा कशाचा बनलाय हे कसं कळतं?

प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात किंवा सोडतात. सूर्याचा प्रकाश नीट पसरवून पाहिला तर रंगांच्या पट्ट्यात मध्ये मध्ये काळ्या रेषा दिसतात. योसेफ फ्राउनहोफर या भिंगं घडवणाऱ्या कारागिराने १८१४ मध्ये अशा पाचशेहून अधिक रेषांची नोंद केली. त्या कशामुळे पडतात हे त्याला उलगडलं नव्हतं. उत्तम काच बनवायची तर तिची परीक्षा घ्यायला पक्क्या खुणा हव्यात, आणि या रेषा त्याला तशा खुणा म्हणून उपयोगी पडल्या. पुढे १८५९-६० च्या सुमारास किर्खोफ आणि बुन्सेन यांनी प्रयोगशाळेतल्या ज्योतींचे वर्णपट घेऊन दाखवलं की अमुक रेषा सोडियमच्या, तमुक लोखंडाच्या. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी एक पिवळी रेषा दिसली. ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना. तो हेलियम होता. पृथ्वीवर तो सापडायला १८९५ साल उजाडलं.

पण रेषा ठळक दिसली म्हणजे ते मूलद्रव्य भरपूर आहे, असा अर्थ होत नाही. सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या रेषांची गर्दी आहे, म्हणून सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच द्रव्याचा असणार, अशी समजूत बराच काळ होती. तापमान आणि दाब बदलला की किती अणू इलेक्ट्रॉन गमावून बसतात, याचं समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलं. ते हाताशी घेऊन सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने १९२५ च्या आपल्या प्रबंधात ताऱ्यांचे वर्णपट पुन्हा वाचले. उत्तर आलं: तारे बहुतांशी हायड्रोजनचे आहेत, त्याखालोखाल हेलियम, बाकी सगळं किरकोळ. हेन्री नॉरिस रसेल यांच्यासारख्या ज्येष्ठांना हे पटलं नाही आणि हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असं तिला प्रबंधात लिहावं लागलं. काही वर्षांत, १९२९ मध्ये, रसेल स्वतः वेगळ्या वाटेने तिथेच पोचले. पेनचं गणित आणि तिची नजर दोन्ही बरोबर होती.

हा प्रसंग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. वर्णपट घेणं एक काम, तो वाचणं दुसरं, आणि जे वाचलं त्यावर ठाम राहणं तिसरं.

दीर्घिकांचा अभ्यास ताऱ्यांपेक्षा वेगळा कसा?

तारा एक बिंदू आहे. दीर्घिका पसरलेली असते. तिच्यात अब्जावधी तारे, वायू, धूळ, मध्यभागी बहुधा एक महाकाय कृष्णविवर. आपल्याकडे येतो तो या सगळ्याचा मिसळलेला प्रकाश. तो सोडवून पाहणं हेच काम.

पहिला प्रश्न असतो अंतराचा. हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये लहान मॅगेलनी मेघातल्या सेफिड प्रकारच्या रूपविकारी (तेज कमीजास्त होणाऱ्या) ताऱ्यांवरून दाखवलं की अशा ताऱ्याची लुकलुक जितकी संथ, तितका तो मुळात तेजस्वी. म्हणजे लुकलुकीचा काळ मोजला की खरं तेज कळतं, आणि दिसणाऱ्या तेजाशी ते ताडून पाहिलं की अंतर. एडविन हबल यांना १९२३ मध्ये देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेत असा तारा सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेच्या खूप बाहेर असल्याचं ठरलं. आज तिचं अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं मानतात.

दुसरा प्रश्न गतीचा. दीर्घिका फिरत असते, त्यामुळे तिची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. वर्णरेषा तेवढ्याच निळ्या किंवा लाल बाजूला सरकतात. केंद्रापासून दूर जावं तसा तारे-वायूंचा वेग कमी व्हायला हवा, अशी अपेक्षा होती, कारण दिसणारं वस्तुमान मध्यभागी एकवटलेलं आहे. १९७० मध्ये रुबिन आणि फोर्ड यांनी देवयानीची मोजमापं प्रसिद्ध केली. कडेलाही वेग टिकून होता. पुढच्या दहा वर्षांत दीर्घिकेमागून दीर्घिका तेच सांगत गेली. न दिसणाऱ्या द्रव्याची कल्पना सगळ्या खगोलशास्त्राला गांभीर्याने घ्यावी लागली ती मुख्यतः या कामामुळे.

या कथेत फोर्ड यांचं नाव बहुतेकदा ओझरतं येतं. त्यांनी बनवलेल्या स्पेक्ट्रोग्राफमध्ये प्रतिमा उजळवणारी इलेक्ट्रॉनिक नळी होती. तिच्यामुळे ज्या मंद प्रकाशासाठी नुसत्या फोटोप्लेटवर रात्रच्या रात्र घालवावी लागली असती, तो कितीतरी कमी वेळात टिपता आला. त्या नळीशिवाय दीर्घिकेच्या कडेचे ते वर्णपट त्या काळात इतक्या संख्येने मिळाले नसते.

प्रकाश खरंच इतका कमी असतो का?

हो. डोळ्यांना अंधाऱ्या जागी साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद). २५व्या प्रतीचा तारा त्याहून जवळजवळ ४ कोटी पटींनी मंद. ८ मीटरच्या आरशावर त्याचे दृश्य प्रकाशातले फोटॉन सेकंदाला पन्नासेक पडतात. तो प्रकाश वर्णपटात पसरवला की डिटेक्टरच्या एका पिक्सेलच्या वाट्याला मिनिटाला एखादाच येतो, आणि वाटेतल्या आरशांनी-भिंगांनी खाल्लेले वजा केले की त्याहून कमी.

म्हणून उपकरण बनवणारा माणूस प्रत्येक पृष्ठभागाचा हिशेब ठेवतो. या आरशावर दोन टक्के गेले, त्या भिंगाच्या लेपात एक टक्का वाचला. जुन्या फोटोप्लेट आलेल्या प्रकाशातला शेकड्याला एक-दोन भागच नोंदवायच्या. चांगला सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणारी इलेक्ट्रॉनिक चिप, नव्वदच्या वर नोंदवतो. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली, तिला २००९ मध्ये नोबेल मिळालं. जगातल्या प्रत्येक जुन्या दुर्बिणीचा आरसा एका रात्रीत कितीतरी पट मोठा व्हावा, तसा तो बदल होता.

एक उपकरण बनायला किती काळ लागतो?

मोठ्या दुर्बिणीवरचं मोठं उपकरण असेल तर दहा वर्षं सहज. काही त्याहून जास्त.

सुरुवात एका प्रश्नापासून होते. समजा, 'अतिशय जुन्या ताऱ्यांमध्ये लोखंड किती आहे?' यावरून ठरतं की किती बारीक रेषा वेगळ्या दिसायला हव्यात, कोणते रंग हवेत, किती मंद ताऱ्यापर्यंत जायचं. हे कागदावर उतरवणं अतिशय कठीण असतं आणि इथे घाई केली तर पुढची सगळी वर्षं ती महागात पडते. प्रत्येक शास्त्रज्ञाला आपल्या आवडीचा रंग हवा असतो. सगळ्यांना हो म्हटलं की उपकरण इतकं जड आणि गुंतागुंतीचं होतं की ते कुणाचंच काम नीट करत नाही. माझं मत स्पष्ट आहे: एक काम उत्तम करणारं उपकरण हे पाच कामं बरी करणाऱ्या उपकरणापेक्षा जास्त विज्ञान देतं.

मग ढोबळ आराखडा, सविस्तर आराखडा, प्रत्येक टप्प्याला बाहेरच्या तज्ज्ञांकडून कसून तपासणी. ऑप्टिकल डिझायनर किरणांचा मार्ग आखतो. यांत्रिकी इंजिनिअर सांगतो की ही चौकट दुर्बिणीबरोबर कलली की इतके मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वाकेल. काच मागवली जाते. हवी ती काच हव्या त्या आकारात मिळायला महिने जातात. डिटेक्टरला तर त्याहून जास्त.

जुळवणी सुरू झाली की खरी परीक्षा. खोलीच्या तापमानात अचूक बसलेलं भिंग उणे दीडशे अंशांवर आकसतं, आणि धातूची चौकट काचेपेक्षा जास्त आकसते. चौकटीने काच दाबली तर ती तडकते. म्हणून भिंगं स्प्रिंगवर किंवा लवचिक पट्ट्यांवर बसवतात. निर्वात टाकी बंद करायची, पंप लावायचा, थंड करायचं, मोजायचं, पुन्हा हळूहळू गरम करायचं, उघडायचं, एक स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा बंद करायचं. अशा एका फेरीला अनेक दिवस जातात. घाई चालत नाही, कारण थंड डिटेक्टरवर ओलावा धरला तर मोठं नुकसान होतं.

शेवटी सगळं पेट्यांमध्ये भरून डोंगरावर न्यायचं, तिथे पुन्हा जुळवायचं, आणि पहिल्यांदा ताऱ्याचा प्रकाश आत घ्यायचा. त्यानंतरही काही महिने चाचण्या चालतात, तेव्हा कुठे ते इतरांना वापरायला दिलं जातं.

यातलं सगळ्यात अवघड काय?

माझ्या मते स्थैर्य. याचं उत्तम उदाहरण म्हणजे इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा शोध घेणारे स्पेक्ट्रोग्राफ.

ग्रह ताऱ्याला किंचित ओढतो, तारा थोडा पुढेमागे डोलतो, त्याच्या वर्णरेषा तेवढ्या सरकतात. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या १.९३ मीटर दुर्बिणीवर, एलोडी या स्पेक्ट्रोग्राफने, ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह शोधला. तो तारा सेकंदाला साठेक मीटर वेगाने डोलत होता, ग्रहाची प्रदक्षिणा जेमतेम ४.२ दिवसांची. २०१९ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. २००३ पासून चिलीतल्या ला सिला इथे चालू असलेला हार्प्स हा स्पेक्ट्रोग्राफ सेकंदाला १ मीटर इतका फरक ओळखतो. एवढ्या वेगाने वर्णरेषा डिटेक्टरवर किती सरकते? पिक्सेलच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे सुमारे १५ नॅनोमीटर.

पंधरा नॅनोमीटर म्हणजे अणूंच्या काही डझन थरांची जाडी. खोलीचं तापमान थोडं बदललं, हवेचा दाब जरा हलला, तरी रेषा त्याहून कितीतरी जास्त सरकते. म्हणून अख्खा स्पेक्ट्रोग्राफ निर्वात टाकीत ठेवतात आणि तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर राखतात. प्रकाश दुर्बिणीतून प्रकाशतंतूने आणतात, म्हणजे उपकरणाला हलावंच लागत नाही. शेजारी थोरियमच्या दिव्याचा किंवा लेझर कोंबचा (समान अंतरावरच्या रेषा देणाऱ्या लेझरचा) वर्णपट टिपतात, यंत्र स्वतः किती सरकलं ते कळावं म्हणून.

पृथ्वी सूर्याला किती डोलवते? सेकंदाला ९ सेंटिमीटर. तिथवर पोचण्याची धडपड सध्या चालू आहे. आता अडचण यंत्राइतकीच ताऱ्याचीही आहे: त्याचा पृष्ठभाग स्वतःच उकळत असतो आणि त्यावरचे डाग रेषांचा आकार बदलतात. यंत्र इतकं चांगलं झालं की ताऱ्याचा स्वभाव आड येऊ लागला, ही मला या क्षेत्रातली सर्वांत आनंदाची अडचण वाटते.

वातावरण आड येतं तर सगळ्या दुर्बिणी अवकाशातच का पाठवत नाहीत?

तापलेल्या डांबरी रस्त्यापलीकडची झाडं थरथरताना दिसतात तसेच दुर्बिणीतून तारेही दिसतात, हे खरं. पण जमिनीवर ३९ मीटरचा आरसा उभारता येतो. चिलीतल्या आर्माझोनेस डोंगरावर तो ७९८ तुकड्यांतून उभा राहतो आहे. अवकाशात इतकी मोठी वस्तू नेणं आज शक्य नाही.

आणि थरथर बऱ्याच अंशी दुरुस्त करता येते. अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्समध्ये एक लवचिक आरसा सेकंदाला शेकडो वेळा, कधी हजारावर वेळा, आपला आकार बदलतो आणि वातावरणाने केलेला बिघाड उलटवतो. मोजायला जवळ तेजस्वी तारा नसेल तर लेझरने सुमारे ९० किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरात कृत्रिम तारा पेटवतात. अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सची मूळ कल्पना खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये मांडली होती. ती राबवता येईल इतके वेगवान संगणक आणि आरसे यायला काही दशकं गेली. आकाशगंगेच्या केंद्राभोवती १६ वर्षांत फेरी मारणाऱ्या एस२ या ताऱ्याची कक्षा याच तंत्राने बारकाईने आखता आली. तिथे सुमारे ४० लाख सूर्यांइतकं वस्तुमान इवल्याशा जागेत आहे हे तिच्यावरून दिसलं, आणि राइनहार्ड गेन्झेल व आंद्रेआ गेझ २०२० च्या नोबेलचे मानकरी झाले.

अवकाशाची गरज मात्र आहेच. अतिनील, क्ष-किरण आणि बराचसा अवरक्त प्रकाश जमिनीवर पोचतच नाही. पण तिथे चूक सुधारणं अतिशय कठीण. १९९० मध्ये हबल दुर्बीण वर गेली तेव्हा तिच्या आरशाची कड जेमतेम दोन मायक्रॉन जास्त घासली गेलेली होती आणि प्रतिमा पसरट येत होत्या. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्त करणारी उपकरणं बसवली. ती पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवरच होती म्हणून हे जमलं. जेम्स वेब दुर्बीण १५ लाख किलोमीटरवर आहे. तिच्याकडे दुरुस्तीला जाण्याची सोय नाही. म्हणून उड्डाणाआधीच्या चाचण्यांना इतकी वर्षं दिली गेली.

रेडिओ दुर्बिणींची उपकरणं वेगळी असतात का?

खूप वेगळी. तिथे भिंगांऐवजी अँटेना, अतिथंड अ‍ॅम्प्लिफायर आणि संगणक असतात. अनेक अँटेनांचे संकेत एकत्र जुळवले की त्या मिळून एका प्रचंड दुर्बिणीचं काम करतात. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांच्या डोक्यातली युक्ती अशी की ज्या लांबीच्या लहरी पकडायच्या, त्यांना भरीव पत्रा लागतच नाही. बारीक स्टीलच्या तारांची जाळी पुरते. जाळीतून वारा निघून जातो, मग सांगाडा हलका चालतो, मग खर्चही आवाक्यात राहतो. भौतिकशास्त्र नीट समजलेला माणूस स्वस्तात मोठं यंत्र कसं उभारतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जॉसलिन बेल यांचीही आठवण इथे येतेच. केंब्रिजजवळच्या शेतात त्यांनी इतरांसोबत खांब रोवून, तारा ओढून रेडिओ दुर्बीण उभारली आणि १९६७ मध्ये तिच्या कागदी आलेखांवर त्यांना एक बारीकशी विचित्र खूण दिसली. दर १.३३ सेकंदांनी येणारा ठोका. पहिला स्पंदक तारा (पल्सार). दुर्बीण हाताने बांधलेली असल्यामुळे कोणता गोंगाट तिचा आणि कोणता आकाशातला, याची त्यांना जाण होती.

दुर्बिणीवर वेळ कसा मिळतो?

अर्ज करून. काय बघायचं, का, किती तास, आणि हीच दुर्बीण का, हे काही पानांत पटवायचं. तज्ज्ञांची समिती अर्जांची क्रमवारी लावते. चांगल्या दुर्बिणींवर उपलब्ध वेळेच्या कित्येक पट मागणी असते, त्यामुळे नकार हा नेहमीचाच. हबलच्या अर्जांसाठी २०१८ पासून अर्जदारांची नावं समितीपासून लपवली जातात. ही पद्धत सगळीकडे यावी असं मला मनापासून वाटतं.

मंजुरीनंतरही स्वतः जावं लागतंच असं नाही. बऱ्याच ठिकाणी तिथले कर्मचारी हवामान बघून तुमचा वेध घेतात, किंवा तुम्ही आपल्या ऑफिसातून दुर्बीण चालवता. तरी विद्यार्थ्याने निदान काही रात्री डोंगरावर काढाव्यात. ढग आल्यावर डेटाचं काय होतं हे तिथे समजतं.

ढगाळ रात्र पडली तर दुसरी मिळते का?

सहसा नाही. पुन्हा अर्ज.

शिक्षण काय लागतं?

भौतिकशास्त्राची पदवी ही सरळ वाट. त्यानंतर पदव्युत्तर, मग चार ते सहा वर्षांची पीएच.डी., मग दोन-तीन वर्षांच्या एक किंवा अनेक पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधन) नेमणुका, बऱ्याचदा वेगवेगळ्या देशांत. गणित आणि संख्याशास्त्र पक्कं हवं, पायथॉन किंवा तत्सम भाषेत प्रोग्रॅमिंग यायलाच हवं. लिहिता यायला हवं, याकडे मात्र फारच दुर्लक्ष होतं: अर्ज आणि निबंध न लिहिता आलेला हुशार माणूस मागे पडतो.

गणितात फार हुशार असावं लागतं का?

गणिताची भीती नसावी. झटपट उत्तरं येणाऱ्यांपेक्षा एका अडलेल्या गोष्टीला आठवडाभर चिकटून राहणारे इथे जास्त टिकतात.

मी इंजिनिअर आहे. मला जागा आहे का?

नक्की आहे, आणि खूप. ऑप्टिकल, यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स, क्रायोजेनिक्स (अतिशीत तंत्र), सॉफ्टवेअर, यांतल्या प्रत्येकाशिवाय उपकरण अडतं. खरी उणीव भासते ती दोन्ही भाषा समजणाऱ्यांची. शास्त्रज्ञ म्हणतो, 'अचूकता दुप्पट हवी'. त्याने खर्च आणि वजन किती वाढेल हे त्याला ठाऊक नसतं. इंजिनिअर म्हणतो, 'हे कापून टाकू'. त्याने कोणतं विज्ञान हातचं जाईल हे त्याला ठाऊक नसतं. या दोघांच्या मध्ये उभं राहू शकणाऱ्याला उपकरण-शास्त्रज्ञ म्हणतात. तुम्हाला यंत्रं उघडून बघायला आवडत असतील आणि आकाशाचंही वेड असेल, तर ही वाट धराच असं मी सांगेन.

कायमची नोकरी मिळते का?

सगळ्यांना नाही. पीएच.डी. करणाऱ्यांच्या तुलनेत कायमच्या जागा फारच कमी आहेत आणि हे प्रवेशाआधीच माहीत असायला हवं. जोडीदार, मुलं, म्हातारे आईवडील असताना दर दोन-तीन वर्षांनी देश बदलणं सोपं नसतं. चांगली माणसं यामुळे बाहेर पडतात, आणि त्यात त्यांची काही कमतरता नसते. विद्यार्थ्यांपासून हे लपवणारे मार्गदर्शक त्यांचं नुकसान करतात.

उपकरणांवर काम केलेल्यांना बाहेर मागणी चांगली असते: वैद्यकीय प्रतिमाशास्त्र, सेमीकंडक्टर, उपग्रह, डेटाशी निगडित कामं. ज्या वायफायवर तुम्ही हे वाचत असाल, त्यातलं एक महत्त्वाचं तंत्र १९९० च्या दशकात रेडिओ खगोलशास्त्रातून आलेल्या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी विकसित केलं होतं.

उपकरण बनवणाऱ्यांना पुरेसं श्रेय मिळतं का?

मिळत नाही, आणि मला याचं वाईट वाटतं. नेमणुका आणि बढत्या शोधनिबंधांवर होतात. उपकरण बनवताना आठ वर्षांत मोजकेच निबंध निघतात. त्याच काळात त्याच वयाचा निरीक्षक वीस लिहितो. पुढे ते उपकरण वापरून शेकडो निबंध येतात, त्यांत बनवणाऱ्यांचं नाव संदर्भातल्या एका ओळीत असतं. एलोडीची ऑप्टिकल रचना आंद्रे बारान यांची होती. किती जणांना हे नाव माहीत असतं? नेमणूक समित्यांनी चालू झालेलं उपकरण हे निबंधांच्या गठ्ठ्याइतकंच वजनदार मानावं. तसं केलं नाही तर ही कला जाणणारी माणसं उरणार नाहीत, आणि दुर्बिणी आरशांपुरत्या राहतील.

एआय आल्यावर माणसाचं काम उरेल का?

छाननीचं काम यंत्रांकडे गेलंच आहे. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेचा ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा सगळं दक्षिण आकाश पुन्हा पुन्हा टिपण्यासाठी बनवला आहे आणि आकाशात बदललेल्या गोष्टींचे रात्रीला लाखो इशारे देण्याची त्याची क्षमता आहे. ते माणसं बघूच शकणार नाहीत. पण डिटेक्टरच्या एका कोपऱ्यातला दोष आणि खरा अतिनवतारा (सुपरनोव्हा) यांतला फरक मॉडेलला शिकवायचा तर तो आधी कुणाला तरी कळायला हवा. यंत्र कसं चुकतं हे जाणणाऱ्याची गरज वाढलीच आहे.

मी अजून शाळेत आहे. आत्ता काय करू?

एक स्पेक्ट्रोस्कोप बनवा. जुनी डीव्हीडी घ्या. तिच्यावरच्या वळ्या ०.७४ मायक्रॉन अंतरावर असतात आणि त्या प्रकाश फोडतात. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या एका टोकाला अरुंद फट ठेवा, जितकी बारीक तितकी बरी. ब्लेडच्या दोन धारा समोरासमोर चिकटवल्या तर उत्तम, पण मोठ्या माणसाच्या मदतीने. दुसऱ्या टोकाला डीव्हीडीचा तुकडा तिरका बसवा आणि बाजूने छिद्र पाडून बघा. साध्या जुन्या बल्बचा सलग पट्टा दिसेल, सीएफएलचे तुटक रंग दिसतील. दिवसा उजळ ढगाकडे किंवा पांढऱ्या भिंतीवरच्या उन्हाकडे फट धरा. सूर्याकडे कधीही थेट धरू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो. फट पुरेशी बारीक असेल तर पट्ट्यात फ्राउनहोफरच्या ठळक काळ्या रेषा ओळखू येतात.

मग मोबाइलने फोटो काढा आणि मोजायला लागा. सीएफएलमधली पाऱ्याची ठळक हिरवी रेषा ५४६ नॅनोमीटरवर असते, निळी-जांभळी ४३६ वर. या दोन खुणांवरून फोटोतला एक पिक्सेल किती नॅनोमीटरचा हे काढता येईल, आणि ते आलं की सूर्यप्रकाशातली सोडियमची ५८९ ची रेषा कुठे पडायला हवी हे आधीच सांगून बघा. नाही पडली तर फट, कोन आणि मोजमाप, या क्रमाने तपासा.